नॅनोकणांची ‘खुली लाइन’

सोन्याचा रंग कोणता, असे कुणी विचारले तर आपण क्षणभरही न थांबता ‘पिवळा’ असे उत्तर देऊ. पण लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी बनवलेल्या सोन्याच्या काही बाटल्या आजही जपून ठेवल्या आहेत आणि त्यांतले सोने माणकासारखे लाल दिसते. फॅरडे यांनी १८५७ साली हे काम जगापुढे मांडले. त्या बाटल्यांतले सोने इतके बारीक आहे, की त्याचे कण पाण्यात तरंगत राहतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. दिसतो तो फक्त रंग. अशा कणांना आज आपण नॅनोकण म्हणतो.

फॅरडे यांना आणखी एक गोष्ट आढळली. त्या लाल पाण्यात थोडेसे मीठ पडले, की रंग बदलून निळा होतो. सोने तेच आणि पाणीही तेच, मग बदलले काय? बदलले ते कणांमधले अंतर. मिठामुळे कण एकमेकांजवळ आले, चिकटले आणि त्यांचे पुंजके झाले.

मित्रांनो, कण एकमेकांपासून दूर कसे ठेवायचे आणि ते दूर ठेवताना आपल्या शरीरातल्या पेशींना इजा कशी होऊ द्यायची नाही, हा या लेखाचा विषय आहे. ही दोन वाक्ये सोपी वाटतात. पण पहिले काम नीट करायला गेलो की दुसरे बिघडते आणि दुसरे सांभाळायला गेलो की पहिले. या ओढाताणीवर शास्त्रज्ञांनी कोणता मार्ग काढला, ते आपण टप्प्याटप्प्याने पाहू.

नॅनो म्हणजे किती लहान?

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. रक्तातली तांबडी पेशी ७,००० ते ८,००० नॅनोमीटर रुंद असते. ज्या कणांचा आकार साधारण १ ते १०० नॅनोमीटर असतो, त्यांना नॅनोकण म्हणतात.

आता एक गणित करू. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याला सहा पृष्ठे आहेत, म्हणून त्याचे एकूण पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. हाच घन कापून १० नॅनोमीटर बाजूचे छोटे घन केले, तर प्रत्येक बाजूचे दहा लाख तुकडे होतात. वस्तुमान तेवढेच राहते, पण पृष्ठफळ दहा लाख पटींनी वाढते. म्हणजे ६० लाख चौरस सेंटिमीटर किंवा ६०० चौरस मीटर. आपले बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, म्हणजे ४२० चौरस मीटर आहे. साखरेच्या खड्याएवढ्या वस्तूचे पृष्ठ जवळजवळ दीड मैदान व्यापते!

नॅनोकणांची ताकद या पृष्ठात आहे. औषध जास्त पृष्ठावर मिळाले की ते लवकर विरघळते आणि रासायनिक क्रिया झपाट्याने होते. पण त्यांची कमजोरीही तिथेच आहे. पृष्ठावरच्या अणूंना आतल्या अणूंसारखे चारी बाजूंनी शेजारी नसतात, म्हणून ते जवळ येईल त्याला धरून ठेवायला बघतात. पाण्याचे रेणू या कणांना सारखे धक्के देत असतात आणि त्यामुळे कण इकडून तिकडे धडपडत फिरतात. यालाच ब्राउनियन गती म्हणतात. फिरता फिरता दोन कण भेटले, की चिकटले. मग तिसरा येतो, चौथा येतो आणि थोड्याच वेळात गठ्ठा तयार होतो.

गठ्ठा झाला तर काय बिघडले? तीन गोष्टी बिघडतात. पहिली, ज्या पृष्ठासाठी एवढा खटाटोप केला ते गठ्ठ्याच्या आत झाकले जाते. दुसरी, मात्रा समान राहत नाही. मेसमध्ये डाळ ढवळली नाही तर पहिल्या टेबलावर नुसते पाणी आणि शेवटच्या टेबलावर सगळी डाळ अशी वाटणी होते. औषधाचे कण तळाशी बसले, तर पेशींच्या बाबतीत तेच होते. काही पेशींवर कणांचा ढीग पडतो आणि काहींना काहीच मिळत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. शरीरातल्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्या जेमतेम एका तांबड्या पेशीएवढ्या रुंद असतात. शिरेतून दिलेल्या औषधात मोठे गठ्ठे असतील, तर ते तिथे अडकू शकतात.

उस्ताद आणि सरफॅक्टंट

परेडच्या मैदानावर ‘खुली लाइन चल’ हा हुकूम आपण रोज ऐकतो. ओळी एकमेकींपासून दूर होतात आणि निरीक्षण करणाऱ्या अधिकाऱ्याला प्रत्येक कॅडेट वेगळा दिसतो. नॅनोकणांना असा हुकूम देणारा उस्ताद म्हणजे सरफॅक्टंट. मराठीत त्याला पृष्ठसक्रियक असा शब्द आहे.

सरफॅक्टंटचा सर्वांत ओळखीचा नमुना म्हणजे साबण. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘कार्बन आणि त्याची संयुगे’ या धड्यात आपण त्याची आकृती काढतो. साबणाच्या रेणूला एक डोके आणि एक लांब शेपूट असते. डोके जलस्नेही असते, म्हणजे त्याला पाणी आवडते. शेपूट जलविरोधी असते, म्हणजे ते पाण्यापासून पळते आणि तेलाला बिलगते. पाण्यात साबणाचे प्रमाण एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, की रेणू गोल करून बसतात. शेपट्या आत, डोकी बाहेर. या गोलाला मिसेल म्हणतात. कपड्यावरचा तेलकट मळ या गोलाच्या आत अडकतो आणि पाण्याबरोबर निघून जातो.

आता मळाच्या जागी नॅनोकण आहे असे समजा. सरफॅक्टंटचे रेणू शेपट्या कणाकडे आणि डोकी पाण्याकडे करून त्याच्याभोवती उभे राहतात. कणाला जणू अंगरखा मिळतो. हा अंगरखा कणांना दोन रीतींनी दूर ठेवतो.

पहिली रीत विद्युतप्रभाराची. सगळ्या डोक्यांवर ऋण प्रभार असेल, तर प्रत्येक कणाचे बाहेरचे आवरण ऋण होते. समान प्रभार एकमेकांना ढकलतात, म्हणून कण जवळ येत नाहीत. ओढ आणि ढकल यांचा हिशेब १९४० च्या दशकात सोव्हिएत संघातल्या देर्यागिन आणि लँडाऊ यांनी आणि हॉलंडमधल्या फेरवे आणि ओव्हरबेक यांनी मांडला. चौघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला डीएलव्हीओ सिद्धांत म्हणतात.

दुसरी रीत केसांची. काही पदार्थांचे रेणू खूप लांब साखळ्यांचे असतात. ते कणावर बसले, की पाण्यात पसरलेल्या केसांसारखे दिसतात. दोन कण जवळ आले तर केसांची गर्दी होते, त्यांना हलायला जागा उरत नाही आणि ते कणांना पुन्हा दूर लोटतात. परेडमध्ये हात लांब करून शेजाऱ्याच्या खांद्यापर्यंतचे अंतर घेतो, तसेच हे. हात आहे तोवर खांद्याला खांदा लागत नाही.

काजळ, साबण आणि डिंक

दोन्ही रीतींतला फरक डोळ्यांनी पाहता येतो. रसायनशास्त्राच्या सरांच्या परवानगीने आम्ही तिघांनी प्रयोगशाळेत एक साधा प्रयोग केला. तेलाच्या दिव्यावर स्टीलची ताटली धरून काजळ जमवले. काजळ म्हणजे कार्बनचे अतिशय बारीक कण, पण एकमेकांना चिकटलेले. मग तीन परीक्षानळ्या घेतल्या आणि तिन्हींत ऊर्ध्वपातित पाणी वापरले.

पहिल्या नळीत नुसते पाणी आणि चिमूटभर काजळ. कितीही हलवले तरी काजळ वरच तरंगले आणि काचेला चिकटले. दुसऱ्या नळीत साबणाचे पाणी. हलवताच सगळे पाणी काळे झाले. तिसऱ्या नळीसाठी बाभळीचा डिंक रात्रभर भिजवला, खलात त्या डिंकाबरोबर काजळ घोटले आणि मग पाणी घातले. हेही पाणी काळे झाले. दुसऱ्या दिवशी साबणाच्या नळीत तळाशी थोडा थर दिसला. डिंकाच्या नळीत तो दिसला नाही. दोन्ही पाण्यांचा एकेक थेंब स्वच्छ पाण्याच्या पेल्यात टाकून बाजूने लेसर टॉर्च मारला, तर प्रकाशाची वाट स्पष्ट दिसली. नववीत शिकलेला टिंडल परिणाम तो हाच.

मग आम्ही दोन्ही नळ्यांत अर्धा अर्धा चमचा मीठ घातले. साबणाच्या नळीत थोड्याच वेळात काळे कपचे दिसू लागले आणि ते वेगळे होत गेले. डिंकाची नळी मात्र होती तशीच काळी राहिली.

याचे कारण असे. साबणाचा अंगरखा प्रभारावर अवलंबून आहे. मिठातले सोडियमचे धन आयन ऋण डोक्यांभोवती गर्दी करतात, प्रभार झाकला जातो आणि कणांची ढकल संपते. शिवाय खूप मीठ घातले की साबणच पाण्याबाहेर पडायला लागतो. डिंकाचे काम मुख्यतः लांब साखळ्यांवर चालते, त्यामुळे मिठाचा त्याच्यावर तेवढा परिणाम होत नाही.

हा शोध नवा नाही. आपल्याकडच्या जुन्या पोथ्या बोरूने ज्या शाईत लिहिल्या, ती शाई काजळ आणि डिंक घोटूनच करत. १९९१ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन नंतर फ्रान्समधल्या शाळांतून फिरून मुलांशी बोलत. तेव्हा ते याच शाईचे उदाहरण देत असत. डिंक नसेल तर शाई थोड्या वेळात खाली बसते, डिंक असेल तर ती वर्षानुवर्षे टिकते.

मिठाचा हा मुद्दा औषधासाठी फार महत्त्वाचा आहे, कारण आपले रक्त खारट आहे. रुग्णालयात सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के असे लिहिलेले असते. म्हणजे एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ. शुद्ध पाण्यात सुंदर वेगळे राहणारे कण रक्तात गेले, की फॅरडे यांच्या सोन्यासारखे गठ्ठे होऊ शकतात. म्हणून शरीरात जायच्या कणांना नुसता प्रभाराचा अंगरखा पुरत नाही. त्यांना केसही लागतात.

पेशीचे कवच कशाचे असते?

इथपर्यंत वाचून वाटेल, की झाले. चांगला सरफॅक्टंट भरपूर घालावा, कण वेगळे राहतील. खरी अडचण इथेच सुरू होते.

जीवशास्त्राच्या मॅडमनी आम्हाला केळ्यातून डीएनए काढून दाखवला होता. केळे कुस्करायचे, त्यात भांडी घासायचे द्रव आणि मीठ घालायचे, गाळायचे आणि वरून हळूच थंड अल्कोहोल सोडायचे. पांढरे धागे वर येतात. या प्रयोगात भांडी घासायच्या द्रवाचे काम काय? पेशी फोडणे.

पेशीचे बाहेरचे पातळ आवरण, म्हणजे पेशीपटल, केवळ सात-आठ नॅनोमीटर जाड असते. ते फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूंच्या दोन थरांचे बनलेले असते. या रेणूला जलस्नेही डोके आणि दोन जलविरोधी शेपट्या असतात. ओळखीचे वाटते ना? पेशीचे कवच आणि साबण यांची घडण एकाच तऱ्हेची आहे. म्हणून सरफॅक्टंटचे मोकळे रेणू पेशीजवळ आले, की ते पटलाच्या रांगेत घुसतात. थोडे घुसले तर पटल सैल होते. जास्त घुसले तर पटलाचे तुकडे मिसेलमध्ये निघून जातात आणि पेशी फुटते.

जो रेणू कणांना सांभाळतो, तोच पेशीला मारू शकतो. या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे, असे मला वाटते.

सगळे सरफॅक्टंट मात्र सारखे नसतात. ज्यांच्या डोक्यावर धन प्रभार असतो, ते पेशींना बहुधा सर्वांत जास्त त्रास देतात. पेशीच्या बाहेरच्या बाजूला ऋण प्रभार असतो आणि धन डोकी तिकडे आपोआप ओढली जातात. आपल्या एम. आय. रूममध्ये जखम धुण्याच्या अँटिसेप्टिकच्या बाटलीवर घटकांमध्ये ‘सेट्रिमाइड’ हे नाव दिसते. ते याच जातीचे आहे. जंतूंचे पटल फोडणे हेच त्याचे काम. ऋण डोक्याचे सरफॅक्टंट, उदाहरणार्थ अनेक शाम्पू आणि टूथपेस्टमधले सोडियम लॉरिल सल्फेट, पटलाला आणि प्रथिनांना इजा करू शकतात. ज्यांच्या डोक्यावर प्रभारच नाही, ते साधारणपणे सौम्य असतात. प्रमाण मात्र प्रत्येकाच्या बाबतीत पाहावे लागते. सोडियम लॉरिल सल्फेटचे मिसेल एका लिटर शुद्ध पाण्यात सुमारे २.३ ग्रॅम झाल्यावर बनू लागतात. पण पेशीला त्रास व्हायला तेवढेही लागत नाही.

सोन्याच्या नॅनोकांड्यांचे उदाहरण घेऊ. गोल कणांऐवजी सोन्याच्या छोट्या कांड्या बनवल्या, तर त्या त्वचेतून आत जाणारा अवरक्त प्रकाश शोषून गरम होतात. कर्करोगाच्या गाठीत अशा कांड्या पोहोचवून बाहेरून प्रकाश टाकला, तर गाठ उष्णतेने मारता येईल, या कल्पनेवर बरेच संशोधन झाले आहे. पण कांडीचा आकार यावा म्हणून सीटॅब नावाचा सरफॅक्टंट वापरतात. सीटॅब म्हणजे सेट्रिमाइडचा भाऊबंद, धन डोक्याचा. तो कांड्यांवर ठेवला तर पेशी मरतात आणि पूर्ण धुऊन काढला तर कांड्यांचे गठ्ठे होतात. इकडे आड, तिकडे विहीर!

यातून निघालेला मार्ग असा, की अंगरखा एकदम काढायचा नाही, तो बदलायचा. पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पेग, हा लांब साखळीचा आणि प्रभार नसलेला पदार्थ आहे. त्याच्या एका टोकाला गंधकाचा अणू जोडतात. गंधकाला सोने फार आवडते. म्हणून ते टोक कांडीवर घट्ट बसते आणि सीटॅबला बाजूला सारते. मग मोकळा झालेला सीटॅब धुऊन टाकतात. कांड्या खुल्या लाइनमध्ये राहतात आणि पेशींचा त्रास पुष्कळ कमी होतो.

एरंडेलापासून बनलेला वाहक

हा विषय मी निवडला, त्यामागे घरातले एक कारण आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या मावशीला केमोथेरपी सुरू होती. एक दिवस मी तिच्याबरोबर रुग्णालयात होतो. मुख्य औषधाआधी तिला दोन-तीन वेगळी इंजेक्शने दिली आणि औषध सुरू झाल्यावर सिस्टर बराच वेळ तिच्याजवळ थांबल्या. मी विचारले, “सिस्टर, आधीची इंजेक्शने कशासाठी?” त्या म्हणाल्या, “औषध ज्याच्यात विरघळवलंय ना, ते काहींच्या अंगाला सोसत नाही बाळा. म्हणून आधीच काळजी घ्यायची.”

औषधापेक्षा त्याचा वाहक त्रास देतो, हे मला तेव्हा चमत्कारिक वाटले. शाळेत परतल्यावर मी वाचनालयात आणि मॅडमकडून माहिती घेतली. त्या औषधाचे नाव पॅक्लिटॅक्सेल. अमेरिकेतल्या यू जातीच्या एका झाडाच्या सालीत ते प्रथम सापडले आणि १९९२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून ते क्रेमोफोर नावाच्या सरफॅक्टंटमध्ये आणि अल्कोहोलमध्ये मिसळून देतात. क्रेमोफोर एरंडेल तेलापासून बनवतात. काही रुग्णांना त्याची तीव्र प्रतिक्रिया येते. श्वास लागतो, रक्तदाब उतरतो. म्हणून आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीविरोधी औषधे देतात.

मग शास्त्रज्ञांनी विचार केला, की औषधाचे नॅनोकण करून त्यांना असा अंगरखा घालावा, जो शरीराला परका नाही. आपल्या रक्तात अल्ब्युमिन नावाचे प्रथिन भरपूर असते. त्याच्यावर पाण्याला आवडणारे भाग आहेत आणि तेलकट रेणूंना धरून ठेवणाऱ्या जागाही आहेत. म्हणजे सरफॅक्टंटचे काम ते स्वभावतःच करू शकते. पॅक्लिटॅक्सेल आणि अल्ब्युमिन यांचे सुमारे १३० नॅनोमीटरचे कण असलेले औषध २००५ साली अमेरिकेत मान्य झाले. त्याचे नाव ॲब्रॅक्सेन. त्यात क्रेमोफोर नाही. जुने औषध शिरेतून द्यायला साधारण तीन तास लागत, हे अर्ध्या तासात देता येते.

याचा अर्थ नवे ते सगळे निर्धोक, असा नाही. या औषधानेही पांढऱ्या पेशी कमी होतात, हातापायांना मुंग्या येतात. कोणत्या रुग्णाला कोणते औषध द्यायचे, हे डॉक्टरच ठरवू शकतात. मावशीचे उपचार पहिल्याच औषधाने झाले आणि ते तिने नीट सोसले. पण ती खुर्चीत डोळे मिटून बसली होती, तेव्हा तिच्या शिरेत थेंबाथेंबाने जाणाऱ्या द्रवात औषध किती आणि वाहक किती, हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातला राहिला नाही.

आपल्या शरीरातला सरफॅक्टंट

सरफॅक्टंट म्हणजे फक्त कारखान्यातले रसायन, असा समज करून घेऊ नये. आत्ता हे वाचताना तुम्ही श्वास घेत आहात, तोही एका सरफॅक्टंटच्या जोरावर. फुप्फुसातल्या लहान हवापिशव्यांच्या आत पाण्याचा पातळ थर असतो. पाण्याच्या पृष्ठताणामुळे या पिशव्या मिटून जायला बघतात. फुप्फुसातल्या काही पेशी एक फॉस्फोलिपिडयुक्त सरफॅक्टंट तयार करतात आणि तो हा ताण कमी करतो. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या फुप्फुसात तो पुरेसा नसतो, म्हणून त्यांना श्वास घेता येत नाही. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली हे दाखवून दिले. १९८० साली जपानच्या फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून मिळवलेला सरफॅक्टंट अशा बाळांना दिल्याचे प्रसिद्ध केले. आज हा उपचार जगभर होतो.

दुसरे उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या दंडात टोचले गेले आहे. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोव्हिशील्ड लशीच्या घटकांत पॉलिसॉर्बेट ८० हे नाव होते. हा प्रभार नसलेला, सौम्य सरफॅक्टंट. लशीत जो विषाणू वाहक म्हणून वापरला, तो सुमारे ९० नॅनोमीटरचा, म्हणजे नॅनोकणाच्याच मापाचा. हे कण एकमेकांना किंवा बाटलीच्या काचेला चिकटू नयेत, म्हणून तो अगदी थोड्या प्रमाणात घालत असत. हाच पॉलिसॉर्बेट ८० काही आइस्क्रीममध्येही असतो.

चार वाट्यांची परीक्षा

नवा कण पेशींना सुरक्षित आहे की नाही, हे तपासतात कसे? छोट्या छोट्या वाट्या असलेल्या प्लास्टिकच्या ताटलीत पेशी वाढवतात आणि त्यांच्यावर कण सोडतात. एक-दोन दिवसांनी किती पेशी जिवंत आहेत ते मोजतात. समजा, बऱ्याच पेशी मेल्या. दोषी कोण? कण, की त्याचा अंगरखा?

हे कळण्यासाठी निदान चार वाट्या हव्यात. पहिलीत नुसत्या पेशी. दुसरीत पेशी आणि फक्त सरफॅक्टंट, तेवढ्याच प्रमाणात. तिसरीत पेशी आणि अंगरखा घातलेले कण. चौथीत पेशी आणि कण धुऊन काढल्यावर उरलेले पाणी. दुसऱ्या वाटीत पेशी मेल्या, तर सरफॅक्टंट बदलायला हवा. दुसरी ठीक पण तिसरी खराब, तर कणाकडे पाहायला हवे. चौथी खराब असेल, तर धुणे कमी पडले. शिवाय पेशी ज्या खारट, प्रथिनयुक्त द्रवात वाढतात, त्याच द्रवात कण वेगळे राहतात का, हे आधी मोजावे लागते. नाहीतर आपण तपासत असतो गठ्ठे आणि अहवालात लिहितो नॅनोकण.

मॅडम म्हणाल्या, “तुलनेची वाटी नसेल, तर प्रयोग म्हणजे नुसती गोष्ट.” हे वाक्य मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

लक्षात ठेवण्यासारखे

आतापर्यंतच्या अभ्यासातून मला कळलेल्या गोष्टी थोडक्यात मांडतो.

१. नॅनोकण आपण होऊन वेगळे राहत नाहीत. त्यांना वेगळे ठेवावे लागते.

२. शुद्ध पाण्यात टिकणारे कण रक्तातही टिकतील असे नाही. मिठाची आणि प्रथिनांची परीक्षा आधी घ्यावी.

३. शरीरात जाणाऱ्या कणांना शक्यतो प्रभार नसलेला किंवा शरीराच्या ओळखीचा अंगरखा द्यावा, जसे पेग, पॉलिसॉर्बेट, अल्ब्युमिन.

४. अंगरखा कणापुरताच असावा. जास्तीचा, मोकळा सरफॅक्टंट धुऊन काढावा, कारण पेशीपटलात घुसतो तो मोकळाच.

५. वाहकाचीही तपासणी औषधाइतकीच कडक हवी.

काजळ आणि डिंकाचा प्रयोग घरी मोठ्यांच्या देखरेखीखाली सहज करता येतो. पालकांनाही माझी विनंती आहे, की सुट्टीत आम्ही घरी आलो की एक दिवा, एक ताटली आणि थोडा डिंक आम्हाला द्यावा. दिवा जपून हाताळावा आणि लेसर कुणाच्याही डोळ्यांवर मारू नये. कनिष्ठ वर्गातल्या कॅडेट्सनी साबणाऐवजी शाम्पू, डिंकाऐवजी दूध वापरून पाहावे आणि मीठ घातल्यावर काय होते याची नोंद ठेवावी. कोणती नळी सर्वांत जास्त दिवस काळी राहते, ते आम्हाला येऊन जरूर सांगा. पुढच्या अंकात तुमच्या नोंदींचा तक्ता याच पानावर छापता येईल.